सातवं गाणं, तिसरी ओळ

"काका, ती किल्ली खिशातच राहू द्या," बाई म्हणाल्या.

आमच्या ह्यांचा उजवा हात पियानोच्या पट्ट्यांवरून उठून कोटाच्या खिशात गेला होता. मान खांद्याकडे कललेली, डोळे अर्धे मिटलेले. गाणं तिसऱ्या ओळीच्या मध्यावर थांबलं होतं. वर्गात मागच्या बाकावर मी होते आणि माझ्या शेजारी, आपली पाळी यायची वाट बघत, सात-आठ वर्षांच्या दोन मुली. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "आजोबा परत तिथंच थांबले बघ." कुजबुजायचा तिचा हेतू होता, पण तो काही साधला नाही.

"हा वरचा स्वर उतरलाय," हे म्हणाले. "किंचितच. पाच मिनिटांचं काम आहे, बाई."

"काका, मागच्याच आठवड्यात सगळा पियानो लावून घेतलाय."

"कोणाकडून?"

बाईंनी सांगितलं. त्या गृहस्थाबद्दल ह्यांचं मत मी घरी इतक्यांदा ऐकलंय की मला ते तोंडपाठ आहे. तिथे त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, एवढ्यावर मी समाधान मानलं.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे घोटाळा नको. आमचे हे पियानो लावणारे. वाजवणारे नव्हेत. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी लोकांचे पियानो सुरात लावले. शाळांचे, हॉटेलांचे, मोठ्या सभागृहांचे, आणि ज्यांच्याकडे पियानो फक्त फुलदाणी ठेवायला असतो अशा घरांतलेही. एका पियानोत दोनशेच्या वर तारा असतात, बहुतेक स्वरांना तीन-तीन, आणि त्या तिन्ही तंतोतंत जुळल्या नाहीत तर आवाजात एक हेलकावा येतो म्हणे. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, मला तो हेलकावा एकदाही ऐकू आलेला नाही. ह्यांना तो भिंतीपलीकडून ऐकू यायचा. मग तारांमध्ये रबराची पाचर खुपसायची, खुंटीवर किल्ली बसवायची आणि मनगट हललं की नाही हे बघणाऱ्याला कळणार नाही इतकीच ती फिरवायची. काम आटोपलं की घरमालक हमखास म्हणायचे, "आता काहीतरी वाजवून दाखवा." आणि हे हमखास म्हणायचे, "माझं झालं, आता तुमचं सुरू." लोकांना वाटायचं, काय विनय आहे माणसाचा. विनय कसला डोंबलाचा, येतच नव्हतं.

गेल्या वर्षी कान गेले. म्हणजे बोललेलं कळतं, फोन कळतो, माझी बडबड तर नको तेवढी कळते; पण वरचे, बारीक आवाज गेले. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं, बारीक आवाज आला की दाबा म्हणून. मी बाहेरून बघत होते. हे बटणावर अंगठा ठेवून परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी दार उघडलं, तेव्हा हे म्हणाले, "हं, करा सुरू." तपासणी संपली होती.

त्यानंतर त्यांनी काम सोडलं आणि माझे हाल सुरू झाले. चमच्याने पेले वाजवून बघायचे. फ्रिजची घरघर कुठल्या सुरात आहे ते मला सांगायचं. एकदा तर खालच्या मजल्यावरच्यांची दाराची घंटा कानाला टोचते म्हणून त्यांच्याकडे जाऊन आले, आणि वर त्यांच्याकडे चहाही पिऊन आले. मी इस्पितळाच्या कपडेखात्यात तीस वर्षं काढलेली बाई. दिवसाला चारशे चादरी मोजून दिल्या तेव्हा माझं डोकं कधी उठलं नाही, ते त्या सहा महिन्यांत उठलं. शेवटी मीच त्यांना दोन चौक पलीकडच्या ह्या बाईंच्या वर्गात घातलं. दारावर पाटी होती, 'नवशिक्यांसाठी सोपी गाणी'. पहिल्या दिवशी लहान मुलांत बसायला लाजले, म्हणून मी सोबत गेले. तेव्हापासून जातेच आहे.

पुस्तकाचं नाव 'पाच बोटांची पंचवीस गाणी'. अस्वल झोपलं, बदकं नदीला निघाली, असली गाणी. पहिली सहा ह्यांनी सहा आठवड्यांत घाम गाळून पार केली. सातवं होतं 'शेळी चालली टेकडीवर'. पहिल्या ओळीत शेळी एकेक पाऊल चढते, दुसरीत जरा दम खाते, तिसरीत टेकडीच्या माथ्यावर पोचते आणि चौथीत उड्या मारत खाली येते. चार ओळींचं गाणं. पण ह्यांची शेळी तीन आठवडे माथ्यावरच उभी होती.

हे पुस्तक आमच्या घरात पूर्वीही होतं. आमची एकुलती एक लेक, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून. ती नऊ वर्षांची झाली तेव्हा ह्यांनी तिला पियानोला घातलं. त्याआधीच एका शाळेने मोडीत काढलेला पियानो हातगाडीवरून घरी आणून वर्षभर सुट्टीच्या दिवशी खपून उभा केला होता. सगळं नीट झालं, फक्त एका खुंटीभोवतीचं लाकूड पार सैल झालेलं. तिथला स्वर रोज थोडा उतरायचा. आणि शेळीच्या गाण्यात टेकडीचा माथा म्हणजे नेमका तोच स्वर.

संध्याकाळी भिंगरी वाजवायला बसायची आणि हे त्याच सुमारास कामावरून यायचे. बूट काढता काढता ऐकायचे. माथा आला की एका पायात बूट तसाच ठेवून पुढे व्हायचे. "थांब बाळ, थांब जरा." पियानोची पुढची फळी निघायची, पाचर, किल्ली, सगळं बाहेर यायचं. भिंगरी मांडीवर हात ठेवून बसून राहायची. वीस मिनिटं, कधी अर्धा तास, कारण एक तार लावली की शेजारची त्यांना खटकायची. तोवर जेवायची वेळ व्हायची. दीड वर्षात त्यांनी तिचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाही. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे, बाप असावा तर असा, दमून आला तरी आधी पोरीच्या पियानोचं बघतो.

मग वर्गाचा कार्यक्रम झाला. त्याची गोष्ट हे स्वतः फार रंगवून सांगतात. गेली एकतीस वर्षं सांगतायत. पाहुण्यांना, जावयाच्या घरच्यांना, दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला. त्यांच्याच शब्दांत सांगते.

"सभागृहातला पियानो सकाळी मीच लावला होता. चोख. पण संध्याकाळी आत दीडशे माणसं, नुसता उकाडा. आमची भिंगरी मंचावर बसली, शेळीचं गाणं वाजवायला लागली, आणि मध्येच थांबली. हात मांडीवर. सगळे चिडीचूप. आणि वळून बघते कुणाकडे? माझ्याकडे. अहो, तार उतरली होती. दीडशे माणसांत एकाला कळलं नाही ते दहा वर्षांच्या पोरीला कळलं. मी उठलो, किल्ली खिशात होतीच, मंचावर गेलो, सूर लावला, खाली आलो. टाळ्यांचा कडकडाट. कान कशाला म्हणतात ते लोकांनी त्या दिवशी पाहिलं."

गोष्ट इथे संपते. पुढचं ते सांगत नाहीत, कारण पुढे काही झालंच नाही. भिंगरीने पुन्हा वाजवायला घेतलं नाही. तेव्हाच्या शिक्षिकेने तिला हाताला धरून खाली आणलं. आठवडाभराने तिने घरच्या पियानोचं झाकण लावलं ते कायमचंच. कंटाळा आला म्हणाली. मला इस्त्रीचे कपडे ठेवायला सोयीची जागा झाली. मोठी झाल्यावर ही गोष्ट चालू असताना भिंगरी समोर असली, तर ती ऐकून घेते, हसते आणि शेवटी "हो ना" म्हणते.

तर त्या दिवशी वर्गात बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मोबाईल काढून पियानोवर ठेवला.

"काका, तोच स्वर वाजवा."

ह्यांनी वाजवला. पडद्यावर एक सुई थरथरली आणि बरोबर मधोमध उभी राहिली.

"पुन्हा एकदा."

पुन्हा मधोमध. हे त्या सुईकडे बघत राहिले. माणसावर खोटं पडायची वेळ येते तेव्हा तो जसा उगाच चष्मा पुसतो, तसा त्यांनी चष्मा पुसला.

"स्वर बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही नक्की काय ऐकून थांबता, काका?"

"काही नाही," हे म्हणाले. "खरं सांगायचं तर तो हेलकावा मला आता ऐकूच येत नाही, बाई. हात आपोआप थांबतो."

"मग ती सवय आहे. मुलांचंही होतं असं. एखाद्या जागी रोज थांबलं ना, की बोटांना वाटतं, थांबणं हाही गाण्याचाच भाग आहे. मग स्वर बरोबर असला तरी ती तिथे थांबतात आणि वाट बघत बसतात. म्हणून तर मी मुलांना सांगते, चुकलं तरी पुढे जायचं. आधी गाणं शेवटाला न्यायचं, चुकांचं नंतर बघू." मग त्या मागे वळून म्हणाल्या, "चल गं, तुझी पाळी."

बाई हे अगदी सहज बोलल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. पण हे स्टुलावरून उठले ते खाली बघतच, आणि पुस्तक तिथेच विसरले. ते मी उचललं.

परत येताना ते कुठेच थांबले नाहीत. एरवी लॉन्ड्रीपाशी, चप्पल दुरुस्तीवाल्यापाशी, प्रत्येक ठिकाणी ह्यांना दोन शब्द बोलायचे असतात. आमच्या इमारतीसमोरच्या बसथांब्यावर बाक आहे. तिथे आल्यावर ते एकदम बसले.

"पाय दुखतायत का?" मी विचारलं.

"तार उतरली नव्हती," हे म्हणाले.

"कुठली तार?"

"सभागृहातली. कार्यक्रमाच्या दिवशी. मी वर गेलो, किल्ली बसवली, स्वर वाजवून पाहिला. चोख होता. सकाळी ठेवला होता अगदी तसाच."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"मग तुम्ही काय लावलंत?"

"काही नाही. किल्ली धरून उभा राहिलो. जरा मनगट हलवल्यासारखं केलं आणि खाली आलो. सगळे बघत होते गं. तसंच परत कसं यायचं? आणि मग घरी येताना मी तुला म्हणालो, तार उतरली होती. मग दुसऱ्या दिवशी कामावर म्हणालो. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं." त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघत हात मांडीवर ठेवले. "ती सूर बिघडला म्हणून थांबलीच नव्हती. त्या जागी मी तिला रोज थांबवायचो. तिची बोटं थांबली आणि ती वाट बघत बसली, आता बाबा येतील म्हणून. आणि मी गेलो. गेलो की नाही बघ."

"तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा."

"मी नुसतं खाली बसून राहायला हवं होतं. दुसरं काही करायचंच नव्हतं. थोड्या वेळाने ती आपली आपण पुढे गेली असती."

माझा जीव गलबलला. पण ह्यांच्यासाठी जितका, तितकाच माझ्या स्वतःसाठी. कारण त्या संध्याकाळचं एक मला माहीत होतं, जे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. हसले होते. कोटातून किल्ली काढत मंचाच्या पायऱ्या चढणारा माणूस बघून आधी मागच्या रांगा हसल्या, मग सगळं सभागृह. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "तुमचे मिस्टर घरूनच हत्यारं घेऊन आले वाटतं." आणि मला हसू फुटलं. वर माझी दहा वर्षांची पोर दीडशे माणसांसमोर बसलेली, आणि मी पदराने तोंड झाकून हसत होते. टाळ्यांचं ते नंतर ह्यांनी घातलं, आणि मी ते खोडलं नाही. खोडायला गेले असते तर माझं हसूही निघालं असतं.

"रविवारी येणार आहे ना ती?" ह्यांनी विचारलं.

"येणार आहे."

"मी तिला शेळी वाजवून दाखवणार. शेवटपर्यंत. आणि मग सांगणार."

त्या आठवड्यात पियानोवरचे इस्त्रीचे कपडे मी कपाटात कोंबले आणि झाकण उघडलं. हे सकाळी बसायचे, दुपारी बसायचे. सैल खुंटीचा तो स्वर उतरलेलाच असणार, पण त्यांनी पुढच्या फळीला हात लावला नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरीचा माथा, आणि शांतता. "चला पुढे," मी आतून म्हणायचे. "चालतोय," ते म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. बुधवारी मी त्यांच्या कोटातून किल्ली काढून माझ्या शिवणाच्या डब्यात टाकली आणि खिशाचं तोंड दोऱ्याने शिवून टाकलं. संध्याकाळी हात खिशाकडे गेला आणि टाक्यांवरून घसरला, तेव्हा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. पण खिसा शिवला तरी हात कसा शिवणार. शुक्रवारी एकदा शेळी खाली उतरली. शनिवारी दिवसभरात एकदाही नाही.

भिंगरी रविवारी चारला आली. ती एकेचाळीस वर्षांची आहे, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि महिन्यातून एकदा येते तेव्हा आमची औषधं, रक्तदाब, नखं, सगळं बघून जाते. दारातून आत आल्या आल्या तिची नजर पियानोवर गेली.

"आई, कपडे कुठे गेले?"

"कपाटात."

"कपाटात जागा होती?"

"नव्हती. केली."

तिने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. ह्यांनी कोट घातला होता. घरात, दुपारी चार वाजता. तिला मी फोनवर वर्गाचं सांगितलं होतं, त्यामुळे ती काही न विचारता खुर्चीवर बसली. हे स्टुलावर बसले, पुस्तक सरळ केलं, दोनदा घसा खाकरला.

शेळी निघाली. पहिली ओळ छान गेली. दुसरीत एक बोट चुकलं, पण बाईंनी सांगितलं तसे ते पुढे गेले. तिसरी आली, शेळी माथ्यावर पोचली, आणि हात थांबला. उठून खिशाकडे गेला, टाक्यांवर घसरला आणि मांडीवर येऊन पडला. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी होते. घड्याळ तेवढं वाजत होतं.

"इथेच थांबायचीस ना तू," हे पियानोकडे बघतच म्हणाले.

"बाबा, असू दे."

"त्या दिवशी सभागृहात. भिंगरी, ती तार उतरली नव्हती. मी उगाच…"

"उतरली होती, बाबा," ती म्हणाली.

"अगं नाही. मी वाजवून पाहिली. चोख होती."

"नाही कशी. मला ऐकू आलं होतं. चांगली उतरली होती. तुम्ही आलात आणि लावलीत." तिने अगदी शांतपणे, रुग्णाला सुई टोचताना बोलतात तसं सांगितलं. "म्हणून तर मी थांबले."

ह्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हे हट्टाला पेटतील. सुरांच्या बाबतीत आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. पण ते म्हणाले, "हो का." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "असेल." एवढ्या तयारीने आणलेलं त्यांच्या तोंडातच राहिलं. ते घ्यायला समोर कुणी हात पुढे केला नाही, आणि त्यात तिचा काही दोष होता असंही मला वाटत नाही.

मग चहा झाला. रक्तदाब झाला, तो जरा चढलेला होता. औषधांच्या डब्या भरून झाल्या. सव्वासहाची बस होती, म्हणून सहाला दहा मिनिटं असताना तिने पर्स आवरायला घेतली, आणि जरा वेळाने दारात जाऊन एक सँडल चढवलं. दुसरं हातात होतं, तेव्हा मागून पहिली ओळ सुरू झाली. कुणी सांगितलं नव्हतं. हे तिच्याकडे पाठ करून बसले होते.

भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, एका पायात सँडल, खांद्याला पर्स. दुसरी ओळ झाली. हे फार हळू वाजवत होते. तिसरी. माथा आला, आणि हात थबकला. खिडकीतून समोरच्या रस्त्यावर बस वळताना दिसली. भिंगरीने एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा बापाच्या पाठीकडे बघत राहिली. ती बोलली नाही, हलली नाही, "चला पुढे"सुद्धा म्हणाली नाही. मलाही बोलू दिलं नाही, मी तोंड उघडलं तशी तिने हातातलं सँडल जरासं वर केलं, गप्प राहा म्हणून. बस थांब्याला लागली, माणसं उतरली, दोन-चार चढली, बस गेली. आणि मग ह्यांचं बोट हललं. चौथी ओळ सुरू झाली. शेळी उतरताना दोनदा घसरली, एकदा चुकीच्या पट्टीवर पडली, पण उतरली.

"झालं?" भिंगरीने विचारलं.

"झालं."

"छान झालं, बाबा."

"बस गेली तुझी."

"दुसरी येईल." तिने सँडल चढवलं आणि जिना उतरून गेली.

खिडकीतून ती बाकावर जाऊन बसलेली दिसली. पुढची बस वीस मिनिटांनी होती. हे स्टुलावरच बसले होते. मी पिशवी घेतली, म्हटलं दूध घेऊन येते, आणि खाली गेले. आज नाही तर मग कधीच नाही, असं मला वाटत होतं.

"तू कशाला आलीस?" भिंगरी म्हणाली. पण सरकून जागा दिली.

"तार उतरली होती असं का म्हणालीस गं?"

"एकतीस वर्षं सांगतायत, आई. आता ह्या वयात ती गोष्ट त्यांच्याकडून काढून घेऊन मला काय मिळणार आहे?"

एक सायकलवाला गेला. लॉन्ड्रीवाला दुकान आवरत होता.

"मी हसले होते त्या दिवशी," मी म्हणाले. "बाबा मंचावर चढले तेव्हा. सगळे हसले, आणि मीही हसले."

"माहितीये."

"तुला कसं माहीत? तू तर त्यांच्याकडे बघत होतीस."

"नाही गं." ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "बाबा येणार हे मला ठाऊकच होतं. ते रोजच यायचे. मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, तू त्यांचा हात धरून खाली बसवशील."

ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो धरू दिला आणि माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, सवयीने, नाडी बघतात तशी. बस आली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि बस सुटताना हात केला. मीही केला.

वर आले तेव्हा ह्यांनी पुस्तकाचं पान उलटलं होतं.

"दूध?"

"संपलं होतं," मी म्हणाले.

"काही म्हणाली का ती?"

"म्हणाली, बाबांनी छान वाजवलं."

त्यांनी मान हलवली. "मग बस जरा. हे आठवं वाजवून बघतो. तू ऐक."

मी रिकामी पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली आणि तिच्या खुर्चीवर बसले.